टर्बोचार्जर जोडणी (मोटारीचे इंजिन)
साधे इंजिन केवळ वातावरणाच्या दाबाने हवा आत घेते. समुद्रसपाटीहून सुमारे ५५० मीटर उंचीवरील दापोडीत हा दाब मुळातच सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो. टर्बोचार्जरमध्ये एरवी वाया जाणारा तप्त धूर एक पंखा फिरवतो आणि त्याच दांड्यावरील दुसरा पंखा हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. जवळच्याच पिंपरीत तयार झालेल्या इंडिका मोटारीचे १,४०५ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन १९९८ मध्ये टर्बोविना आले. टर्बोयुक्त आवृत्ती पुढे कारखान्यानेच काढली. जुन्या पेट्रोल इंजिनाला बाहेरून टर्बो जोडणे मात्र जोखमीचे आहे. वाढीव हवेच्या प्रमाणात इंधन न वाढवल्यास किंवा मूळचे संपीडन गुणोत्तर जास्त असल्यास मिश्रण अवेळी पेटते आणि दट्ट्याला (पिस्टन) भोक पडू शकते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही.