रोहित वेमुला : जीवन, संघर्ष आणि वारसा

रोहित वेमुला (३० जानेवारी १९८९ – १७ जानेवारी २०१६) हे हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील पीएच.डी.चे संशोधक आणि आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन (एएसए) या संघटनेचे कार्यकर्ते होते. विद्यापीठाने वसतिगृहातून बाहेर काढल्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्यांनी आत्महत्या केली. देशभरातील आंबेडकरी चळवळीने या मृत्यूला 'संस्थात्मक हत्या' म्हटले. उच्च शिक्षणातील जातिभेदाची चर्चा आज त्यांच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही.

बालपण आणि शिक्षण

रोहित आंध्र प्रदेशातील गुंटूरचे. आई राधिका वेमुला या जन्माने माला या अनुसूचित जातीतील, मात्र लहानपणापासून वड्डेरा या मागासवर्गीय जातीच्या घरात वाढलेल्या. त्यांचे लग्नही त्याच जातीत झाले. त्यांची मूळ जात कळल्यावर संसारात छळ सुरू झाला, असे त्यांनी सांगितले आहे. पतीपासून वेगळे झाल्यावर शिवणकाम करून त्यांनी तीन मुलांना वाढवले. शिकता शिकता रोहित बांधकामावर आणि मिळेल तिथे मजुरी करत.

विज्ञानाची पदवी घेऊन ते हैदराबाद विद्यापीठात आले. संशोधनासाठीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती त्यांनी गुणवत्तेवर मिळवली. पुढे ते समाजविज्ञानाकडे वळले आणि विज्ञान, तंत्रज्ञान व समाज यांच्या संबंधांवर पीएच.डी. करू लागले. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याचे त्यांचे स्वप्न होते.

चळवळीत प्रवेश

विद्यापीठात रोहित सुरुवातीला डाव्या विचारांच्या स्टुडंट्स फेडरेशन ऑफ इंडियामध्ये होते. डाव्या संघटनांमध्येही जातीचा प्रश्न मागे पडतो, हे लक्षात आल्यावर ते एएसएमध्ये आले. १९९३ साली स्थापन झालेली ही संघटना दलित विद्यार्थ्यांचे प्रवेश, छात्रवृत्ती आणि सन्मान यांसाठी लढत आली आहे. तिच्या लढ्याला कारणही होते. याच विद्यापीठात २००८ मध्ये सेंथिल कुमार आणि २०१३ मध्ये मदारी वेंकटेश या दलित संशोधकांनी आत्महत्या केली होती.

२०१५ चा वाद

जुलै २०१५ अखेर एएसएने फाशीच्या शिक्षेविरोधात निदर्शने केली. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्लीत 'मुजफ्फरनगर बाकी है' या माहितीपटाचे प्रदर्शन बंद पाडण्यात आले. त्याचाही संघटनेने निषेध केला. त्यावरून अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या स्थानिक नेत्याने समाजमाध्यमावर एएसएच्या कार्यकर्त्यांना गुंड म्हटले. कार्यकर्त्यांनी त्याला जाब विचारला आणि त्याने लेखी माफी दिली. नंतर मात्र आपल्याला मारहाण झाल्याचा आरोप त्याने केला. एएसएने हा आरोप फेटाळला.

येथून कॅम्पसमधला वाद दिल्लीत पोहोचला. १७ ऑगस्ट २०१५ रोजी केंद्रीय मंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी मनुष्यबळ विकास मंत्री स्मृती इराणी यांना पत्र लिहून विद्यापीठ 'राष्ट्रविरोधी' राजकारणाचा अड्डा बनल्याची तक्रार केली. मंत्रालयाकडून विद्यापीठाला एकामागून एक स्मरणपत्रे गेली. आधी मागे घेतलेली कारवाई पुन्हा उभी राहिली. डिसेंबर २०१५ मध्ये रोहितसह पाच दलित विद्यार्थ्यांना वसतिगृहात राहण्यास, प्रशासकीय इमारतीत जाण्यास आणि विद्यार्थी निवडणुका लढवण्यास बंदी घालण्यात आली. शिकण्याची परवानगी होती, पण समाजात वावरण्याची नव्हती. हा सामाजिक बहिष्कारच होता.

दरमहा २५ हजार रुपयांची छात्रवृत्ती तर जुलैपासूनच थांबली होती. रोहित त्यातूनच घरी पैसे पाठवत.

वेलिवाडा

जानेवारी २०१६ च्या सुरुवातीला खोल्या सोडाव्या लागल्यावर पाचही जणांनी विद्यापीठाच्या दुकान-संकुलाजवळ उघड्यावर तंबू ठोकला. बाबासाहेबांची प्रतिमा लावली आणि जागेला नाव दिले 'वेलिवाडा'. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावाबाहेरची दलित वस्ती. आपल्याकडच्या गावकुसाबाहेरच्या महारवाड्याचे हे दुसरे नाव. केंद्रीय विद्यापीठातही गावकूस असते, हे त्या एका शब्दाने देशाला सांगितले.

१७ जानेवारीला रोहित गेले. शेवटच्या पत्रात त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. माणसाची किंमत त्याच्या जातीच्या ओळखीपुरती, एका मतापुरती, एका आकड्यापुरती उरली आहे, ही खंत मात्र त्यांनी मांडली. सात महिन्यांची थकलेली पावणेदोन लाखांची छात्रवृत्ती कुटुंबाला मिळावी, असेही लिहिले.

मृत्यूनंतर

मुंबई-पुण्यासह देशभर निदर्शने झाली. कुलगुरू अप्पा राव पोडिले, दत्तात्रेय आणि इतरांवर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. पण चर्चा फिरवली गेली ती 'रोहित दलित होते का?' या प्रश्नाकडे. केंद्राने नेमलेल्या रूपनवाल आयोगाने मृत्यूचे कारण वैयक्तिक नैराश्य ठरवले आणि त्यांचे दलित असणे नाकारले. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष पी. एल. पुनिया यांनी मात्र ते अनुसूचित जातीचेच असल्याचे सांगितले होते. मे २०२४ मध्ये तेलंगणा पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. कुटुंबाने आक्षेप घेतल्यावर पुढील तपासाची घोषणा झाली.

आईने उभारलेला लढा

१४ एप्रिल २०१६ रोजी, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीला, राधिकाताई आणि भाऊ राजा यांनी दादरच्या आंबेडकर भवनात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जातीच्या दाखल्यावरून मुलाची ओळख पुसू पाहणाऱ्या व्यवस्थेला या मायलेकांनी जातच नाकारून उत्तर दिले.

मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील डॉक्टरने छळाला कंटाळून जीवन संपवले. त्यानंतर राधिकाताई आणि पायल यांच्या आई आबेदा तडवी या दोघींनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समानतेचे नियम कागदावरच राहिले आहेत, ही त्यांची तक्रार. त्यातूनच २०२५ च्या सुरुवातीला आयोगाला नव्या नियमांचा मसुदा काढावा लागला. संसदेने वेगळा 'रोहित कायदा' करावा, ही मागणी कायम आहे.

तरुणांसाठी

रोहितला आदरांजली म्हणजे फक्त १७ जानेवारीचा कार्यक्रम नव्हे. आपल्या महाविद्यालयात समान संधी कक्ष आहे का, भेदभावाची तक्रार कोणाकडे करायची, हे विचारा. तक्रार लेखी द्या, पोहोच घ्या. छात्रवृत्ती अडली तर एकट्याने खेटे घालू नका, संघटना म्हणून जा. आणि खेड्यातून नवा आलेला आपला भाऊ-बहीण गप्प गप्प राहत असेल, तर त्याच्या खोलीचे दार ठोठवा. मन फारच खचले असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते. बाबासाहेबांनी 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' म्हटले, त्यातला 'संघटित व्हा' हा शब्द अशा वेळी जीव वाचवतो.

जयभीम. नमो बुद्धाय.