काष्ठमंडपाचा जीर्णोद्धार

नेपाळच्या राजधानीस काठमांडू हे नाव ज्या वास्तूवरून पडले, ती वास्तू म्हणजे काष्ठमंडप. एकाच सालवृक्षाच्या लाकडातून हा मंडप उभा राहिला, अशी तेथील आख्यायिका आहे. मध्यभागी गोरक्षनाथांची मूर्ती आणि चार कोपऱ्यांस चार गणपती. ज्ञानेश्वर माउलींची गुरुपरंपरा निवृत्तिनाथ व गहिनीनाथ यांच्याद्वारे याच गोरक्षनाथांपर्यंत पोहोचते. तेव्हा हे स्थान महाराष्ट्रास परके नव्हे.

दि. २५ एप्रिल २०१५ रोजी मध्यान्हीच्या सुमारास नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ९,००० माणसे दगावली. काष्ठमंडपात त्या वेळी रक्तदान शिबिर चालू होते. मंडप कोसळला, आणि दुसऱ्याचा जीव वाचवावा म्हणून आलेल्यांपैकी काहींचे प्राण तेथेच गेले.

अशा प्रसंगी माणसे आधी वाचवावी लागतात. पण ढिगाऱ्यातील वारसाही राखावा लागतो. पाटण येथे चार नारायण व हरिशंकर ही मंदिरे पडली, तेव्हा स्थानिक लोकांनी मूर्ती आणि कोरीव लाकडे गोळा करून राजवाड्याच्या आवारात सुरक्षित ठेवली. पुढे मंदिरे पुन्हा उभारताना तीच लाकडे कामी आली.

काष्ठमंडपाच्या जागी पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. मंडप बाराव्या शतकातील असावा, असा समज होता. पाया मात्र सातव्या शतकापर्यंत मागे गेला. शिवाय तो भक्कम निघाला. दोष वर होता. मुख्य चार खांबांपैकी तीन आपापल्या बैठकीच्या दगडात बसलेले होते; चौथ्याचा सांधा पूर्वीच्या एका दुरुस्तीत नीट जोडलाच गेला नव्हता. फरशीखाली झाकलेली ही उणीव कोणाच्या ध्यानी आली नाही.

याउलट भक्तपूरचे इ. स. १७०२ मधील पाचमजली न्यातपोल मंदिर १९३४ व २०१५ असे दोन्ही मोठे भूकंप सोसून उभे राहिले.

काष्ठमंडपाचे काम स्थानिक नागरिकांनी आग्रहाने आपल्या हाती घेतले. पारंपरिक पद्धतीने, नेवार कारागिरांच्या हातून, २०२२ मध्ये मंडप पुन्हा उभा राहिला.

जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येक गावाने यातून एवढा बोध घ्यावा : कळसावर सोने चढविण्यापूर्वी खांबाचे बूड पाहावे. देणगीदाराचा पैसा व कारागिराचे श्रम तेव्हाच पुढील पिढ्यांच्या कामी येतात.