आवाज वाढला की गिटार बदलते

सेकंड शिफ्ट संपवून रात्री बाराला आकुर्डीच्या खोलीवर यायचं, अँपचा नॉब एकवर ठेवायचा आणि शेजारी झोपलेले रूम पार्टनर उठणार नाहीत इतक्याच आवाजात वाजवायचं. भोसरी ते चाकण पट्ट्यातले बरेच गिटारिस्ट असेच तयार झालेत, मीही त्यातलाच. महिनाभर खपून मी एक टोन बसवला होता: बेस भरपूर, ट्रेबल चकचकीत, मधले मिड्स जवळपास शून्य. खोलीत तो अफाट वाटायचा.

मग पहिला कार्यक्रम झाला. तीच गिटार, तोच अँप, नॉबचे तेच आकडे, फक्त आवाज मोठा. ड्रम सुरू झाले आणि मी गायब! नंतर एक मित्र म्हणाला, "तू वाजवत होतास का? आम्हाला नुसतं घुमल्यासारखं ऐकू येत होतं."

मला वाटलं अँप बिघडला. अँप ठणठणीत होता. बदललं होतं ते माझ्या कानाचं वागणं, आणि ते १९३३ सालीच मोजून झालंय.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोनवाल्यांच्या प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी लोकांना हेडफोन लावून खालचे-वरचे सूर ऐकवले आणि कोणते दोन सूर सारखेच मोठे वाटतात याची नोंद केली. निष्कर्ष असा की हळू आवाजात आपला कान खर्जाला चक्क बहिरा असतो. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर तिचा सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो. १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटायला या खर्जाला सुमारे २८ डेसिबल जास्त द्यावे लागतात. तोच १००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलवर नेला, तर हा फरक सुमारे १५ वर येतो. म्हणजे आवाज वाढवला की बेसच्या नॉबला हात न लावता बेस फुगतो. मी खोलीत कानाची तूट भरून काढत होतो, मंचावर ती तूटच उरली नाही. वर खर्जात बेस गिटार आणि किक ड्रम, वरच्या पट्टीत झांजा. गिटारला उरते ती मधली जागा, आणि तीच मी शहाणपणा करून रिकामी ठेवली होती.

ही कानाची बाजू झाली. अँपचीही एक बाजू आहे. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातून १९६२मध्ये पहिला मार्शल अँप आला, आणि १९६५च्या सुमाराला 'द हू'च्या मागणीवरून १०० वॅटचे. गर्दी मोठी, मंचावरचे ड्रमही मोठे, म्हणून वॅट वाढले. पण व्हॉल्व्हचा अँप ताणला की नुसता मोठा होत नाही, सूर फाटतो, दाबला जातो, लांबतो. १९६६मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मायॉलच्या रेकॉर्डसाठी स्टुडिओत अँप मंचावरच्या आवाजात वाजवायचा हट्ट धरला तो याच सुरासाठी. आपण ज्याला 'रॉकचा टोन' म्हणतो, तो अशा मोठ्या आवाजातूनच जन्माला आलाय.

आपल्याकडे हा आवाज उघड्यावर ऐकायची जागा म्हणजे मुंबईत धोबीतलावचं रंगभवन. इंडिपेंडन्स रॉक १९८६ला सुरू झालं, आणि 'रॉक मशीन'च्या महेश तिनईकरांच्या पिढीने तिथे वाजवलं. मग २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनच्या एका बाजूला कॉलेज, जवळच हॉस्पिटलं. तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. रात्री दहानंतर स्पीकर बंद हेही सुप्रीम कोर्टाने २००५मध्ये पक्कं केलं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा, आणि स्पीकर लावलेल्या जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा फार तर १० जास्त. नियम चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही, पेशंटला झोप हवीच. पण १०० वॅटचा अँप पूर्ण उघडायला जागा उरली नाही, एवढं खरं. मग छोटे अँप, पेडल, डिजिटल मॉडेलर आले: हळू आवाजातला 'मोठा' टोन. फाटलेला सूर त्यांनी दिला. फ्लेचर-मन्सनचा हिशेब मात्र त्यांना चुकवता येत नाही. हेडफोनवर बनवलेला पॅच मंचावर जाऊन घुमतोच.

आमच्या पट्ट्यात आणखी एक भानगड आहे, गिटारच्या पुस्तकांत ती सापडत नाही. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. प्रेस शॉपमध्ये इअरप्लग न घालता पाळी काढली की कान तात्पुरता बोथट होतो, आणि हा मार पहिल्यांदा दिसतो ४००० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे गिटारची धार जिथे असते, त्याच्या अगदी जवळ. काही तासांनी, फार तर एक-दोन दिवसांत कान सावरतो. रोज तेच झालं तर सावरत नाही. माझा तो 'चकचकीत' ट्रेबल आता आठवला की पोटात गोळा येतो. बोथट कानाने मी तो वाढवत होतो, आणि पुढच्या रांगेतल्यांच्या कानात सुया टोचत होतो.

आता आम्ही भोसरीत एका मित्राच्या वर्कशॉपचा गाळा मागून घेतलाय. गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी जमतो. आधी ड्रम वाजतात, मग त्या आवाजात गिटारचे नॉब ठरतात. बेस अर्ध्यावर, मिड्स वर. एकट्याने ऐकला तर हा टोन नाकात बोलल्यासारखा वाटतो, आणि नवीन आलेला पोरगा हमखास तोंड वाकडं करतो. त्याला गाळ्याच्या शटरपाशी उभं करून सगळ्यांनी एकत्र वाजवायचं. आणि बुधवारी नाइट करून कोणी आला असेल, तर त्याला ट्रेबलच्या नॉबला हात लावू देत नाही.