मेटर्निकची टीप आणि केक

इतिहासाच्या तासाचा मेटर्निक आठवतो? त्याच्यावरची टीप मी पाठ केली, लिहिली आणि विसरले. मागे ऑफिसच्या कामासाठी व्हिएन्नाला गेले, तेव्हा तो थेट केकच्या बशीत भेटला.

1832 मध्ये त्याने पाहुण्यांसाठी काहीतरी नवं गोड मागितलं. मुख्य आचारी आजारी होता, म्हणून सोळा वर्षांच्या फ्रान्झ साखर या उमेदवाराने चॉकलेटचा केक केला, असं सांगतात. (आडनावाचा तिथला उच्चार खरंच साखर!) आमच्याकडे ट्रेनीच्या कोडवर कंपनीचं नाव लागतं, इथे पोराचं तरी राहिलं.

त्याचा मुलगा एडुआर्ड देमेल या मिठाईवाल्यांकडे शिकला, आणि 1876 मध्ये त्याने स्वतःचं हॉटेल काढलं. पुढे ‘अस्सल’ कोणाचा, यावर हॉटेल आणि देमेल यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. 1963 मध्ये तडजोड झाली. ‘अस्सल’ हा शब्द हॉटेलला मिळाला.

ऑपेरामागच्या हॉटेलातून कोलमार्क्टवरच्या देमेलपर्यंत चालत गेले, दोन्ही खाल्ले. हॉटेलच्या केकमध्ये जर्दाळूचा जॅम मधेही असतो, देमेलच्यात फक्त चॉकलेटच्या थराखाली. कोर्ट काही म्हणो, मला देमेलचाच आवडला.

बाई, टीप पुन्हा लिहून देऊ का?