उशाखालचें लोखंड

रात्रीं जेवणें आटोपल्यावर कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या इमारतीचा जिना चढूं लागावें, तर बंद दारांआडून पुष्कळदां एकच ध्वनि कानीं पडतो: कुत्र्याचें विव्हळणें, दाराची करकर आणि मागून कुणा बाईचें हंसणें. घरांतील मंडळी दिवा मंद करून दूरचित्रवाणीवर भुताटकीची मालिका पाहत बसलेली असतात. आम्हीही त्यांच्यापैकींच असल्यामुळें ह्या करमणुकीस नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु बरींच वर्षें अशा मालिका पाहिल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानीं आली ती ही, कीं भुतें बदलतात, वाडे बदलतात, नट-नट्या बदलतात. बदलत नाहींत त्या वस्तू. टाचण्या टोंचलेलें लिंबू, काळी बाहुली, सुक्या मिरच्या, काळा दोरा, लोखंडी खिळा, पिंपळाचा पार, एकाकी विहीर. ह्यांच्यावांचून कोणत्याही मालिकेचें पान हालत नाहीं. भूत पडद्यावर येण्यापूर्वीं ह्यांपैकीं एखादी वस्तु येऊन वर्दी देते, आणि ती दिसतांच आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या अंगावर कांटा उभा राहतो. ह्या वस्तू आल्या कोठून, आणि त्या पाहून आम्ही नेमके कशाला भितों, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढें खासगी वाहिन्या निघाल्या, तेव्हां १९९३ मध्यें रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' आणि १९९५ मध्यें 'आहट' ह्या हिंदी मालिकांनीं घरोघर भुताचा प्रवेश करून दिला. मराठींत रत्नाकर मतकरी यांनीं 'गहिरे पाणी' ह्या मालिकेच्या द्वारें गूढकथेस छोट्या पडद्यावर आणिलें. आणि २२ फेब्रुवारी २०१६ पासून झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका लागली. सावंतवाडीजवळच्या आकेरी गांवांत तिचें चित्रीकरण झालें, आणि लोकांनीं ती इतकी उचलून धरली कीं २०१९ व २०२१ सालीं तिचे आणखी दोन भाग निघाले. कोंकणची बदनामी होते, अंधश्रद्धेस खतपाणी मिळतें, असे आक्षेपही त्या वेळीं घेण्यांत आले. त्या वादांत आम्हांस आज पडावयाचें नाहीं. वस्तूंचा प्रश्न त्याहून जुना आहे.

ही यादी कोणा दिग्दर्शकानें रचलेली नाहीं. तींतील पुष्कळशा वस्तू शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं एका पुस्तकांत नमूद झाल्या आहेत, आणि त्या पुस्तकाशीं ठाण्याचा दुहेरी संबंध आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृताचे जाणकार असून लोकांच्या समजुती जमविण्याचा त्यांस नाद होता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास ते आले असतां अनंत कान्हेरे ह्या तरुणानें त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांस झालेल्या काळ्या पाण्याच्या शिक्षेचा तो सूड होता. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे ह्या तिघांस १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. हा झाला पहिला संबंध; तो इतिहासांत ठळक अक्षरांनीं लिहिलेला आहे. जॅक्सन यांनीं जमविलेलीं टिपणें आर. ई. एन्थोव्हेन यांनीं पुढें संपादून छापलीं, आणि १९१५ सालीं त्यांचा कोंकणाविषयींचा खंड बाहेर पडला. त्या खंडांत ठाणें जिल्ह्यांतील खेडोपाडींच्या शाळामास्तरांनीं आपापल्या गांवच्या समजुतींची माहिती पुरविलेली आहे. हा दुसरा संबंध. तो फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं.

गांवांत भुतें किती प्रकारचीं, तीं कोणास धरतात, कशानें पळतात, ह्या प्रश्नांचीं त्या मास्तरांनीं अगदीं दफ्तरी थाटानें उत्तरें दिलीं. तीं वाचतांना प्रथम हंसूं येतें आणि मग तें हळूहळू मावळतें. कारण भुतांची ती यादी म्हणजे पाहतां पाहतां मृत्यूंची नोंदवही होऊन बसते. मुंज होऊन सोडमुंज होण्याआधींच गेलेला मुलगा तो मुंजा. बाळंतपणांत गेलेली स्त्री ती हडळ किंवा अळवंत. नवरा जिवंत असतां गेलेली ती जखीण. वासना राहून गेलेला तो समंध. सुखानें म्हातारा होऊन, नातवंडांच्या हातचें पाणी पिऊन गेलेला मनुष्य सहसा भूत होत नाहीं. अकालीं गेलेल्या जिवांबद्दल मागें राहिलेल्यांस जी टोंचणी लागे, तिला ह्या समजुतींनीं नांवें दिलीं आणि पिंपळावर वा विहिरीवर जागा नेमून दिल्या.

आतां वस्तूंकडे वळूं. बाळंतिणीच्या उशाखालीं विळा, कोयता किंवा निदान अडकित्ता तरी ठेवण्याची चाल आमच्या पणजीच्या पिढीपर्यंत सर्रास होती. लोखंडास भुतें भितात ही समजूत. मूल जन्मल्यावर पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा मांडीत. कोरा कागद व लेखणी ठेवीत. ती येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें नशीब लिहून जाते, आणि तिची मर्जी फिरल्यास बाळच घेऊन जाते, असें मानीत. पांचव्या-सहाव्याच रात्रीं भय कां, ह्याचें उत्तर वैद्यकानें पुढें दिलें. धनुर्वाताचे जंतु मातींत व शेणांत असतात. मळक्या हत्यारानें नाळ कापली, किंवा नाळेवर राख-माती लावली, कीं ते ओल्या जखमेंतून शरीरांत शिरतात. बाळ पहिले दोन-तीन दिवस नीट दूध पितें. मग आठवड्याच्या आंतबाहेर त्याचा जबडा मिटतो, दूध ओढवत नाहीं, अंग धनुष्यासारखें ताठतें. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा ह्या बेटावर एकोणिसाव्या शतकांत ह्याच दुखण्यानें अर्भकें दगावत, आणि तेथील लोक त्यास 'आठ दिवसांचें दुखणें' म्हणत. आमच्याकडे तेंच सटवाईच्या नांवावर मांडलें जाई.

म्हणजे पणजीनें दिवस अचूक हेरला होता; शत्रु तेवढा ओळखला नव्हता. एक लोखंड उशाखालीं राखणीस बसे, आणि मृत्यु दुसऱ्या लोखंडाच्या धारेवरून बाळाच्या अंगांत केव्हांच गेलेला असे. हत्यार उकळून घेणें, हात धुणें आणि गरोदर स्त्रीस लस टोंचणें, एवढ्यानें ही सटवाई हटली. दर हजार जिवंत जन्मांमागें एकाहून कमी अर्भकांस धनुर्वात व्हावा, आणि हें प्रत्येक जिल्ह्यांत व्हावें, ही कसोटी भारतानें २०१५ सालीं पार केली. त्याच्या पुढच्याच वर्षीं 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. हा निव्वळ योगायोग खरा. पण तो आम्हांस विचार करावयास लावतो.

मिरचीची कथा याहून निराळी आहे. मूल किरकिर करूं लागलें कीं आजी मीठ, मोहऱ्या व मिरच्या मुठींत घेऊन त्याच्यावरून ओंवाळी आणि चुलींत टाकी. ठसका लागला नाहीं तर दृष्ट होती असें ठरे. लागला तर नव्हती असें ठरे. कांहींही ठरलें तरी मूल मांडीवर घेतलें जाई आणि भय तेथेंच संपे. लिंबू उतरून तिठ्यावर टाकलें, मागें वळून न पाहतां घरीं येऊन पाय धुतले, कीं तेंही प्रकरण मिटे. घरांतील ह्या वस्तूंचें काम भय संपविण्याचें होतें.

ह्या चालींचे आम्ही गोडवे गातों आहों असें कोणीं समजूं नये. तीच मिरची मांत्रिकाच्या हातीं गेली म्हणजे काय होतें, तें पाहावयास दुसरी एक यादी उघडावी लागते. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यानंतर लगेच वटहुकूम निघाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत राज्याच्या विधिमंडळानें जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्या कायद्याच्या अनुसूचींत भूत उतरविण्याच्या निमित्तानें केलीं जाणारीं कृत्यें गुन्हा म्हणून सांगितलीं आहेत: दोरानें वा साखळीनें बांधणें, काठीनें वा चाबकानें मारणें, पादत्राण भिजविलेलें पाणी पाजणें, मिरचीची धुरी देणें, छतास टांगणें, तापलेल्या वस्तूचे चटके देणें. कायदा कल्पनेनें लिहिला जात नाहीं. ह्यांतील प्रत्येक वस्तु कोणाच्या ना कोणाच्या अंगावर चाललेली असते, आणि तें अंग पुष्कळदां घरच्या सुनेचें असतें.

तिसरी यादी पडद्यावरची. तेथें लिंबू तेंच, मिरची तीच. पण तिचा धर्म अगदीं उलटा. मालिकेस उद्यां पुन्हां यावयाचें असतें, म्हणून आजचें भय आज संपून चालत नाहीं. आजीची मिरची भय विझवी. मालिकेची मिरची तें तेवत ठेवते. ह्यांत फार मोठा अपराध आहे असें आम्ही म्हणत नाहीं. रात्रीं घटकाभर भिण्यांत मौज असते आणि ती लहानथोरांस हवीशी वाटते. आमची तक्रार निराळीच आहे. पडद्यावर मोकळ्या केसांची, पांढऱ्या लुगड्याची बाई येते, तेव्हां आम्ही तिला भितों. शाळामास्तरांच्या उत्तरांत हीच बाई बाळंतपणांत गेलेली कोणाची लेक असते. जिच्या उशाशीं वेळेवर सुईण वा डॉक्टर पोंचला नाहीं, तिचा आम्ही आधीं मृत्यु विसरलों, मग नांव विसरलों, आणि आतां तिचें भयानक तोंड तेवढें लक्षांत ठेविलें. वस्तु राहिली आणि तिच्यामागचें दुःख गळून पडलें. जिची कींव करावयाची, तिच्यापासून जीव वांचवून पळण्याची शिकवण आमचीं मुलें रोज घेत आहेत.

कल्याण-डोंबिवलीच्या आजच्या घरांत चूल नाहीं, दारीं पिंपळ नाहीं, आणि तिठ्यावर रिक्षांची रांग असते. तरी दुकानाच्या दाराला लिंबू-मिरच्या लोंबतात, आणि नव्या मोटारीच्या चाकाखालीं लिंबू चिरडलें जातें. त्यांस हंसावें असें आम्हांस वाटत नाहीं, आणि त्यांस भ्यावें असेंही वाटत नाहीं. आमची सूचना अगदीं साधी आहे. मालिका पाहतांना मुलानें विचारलें, कीं आजी, बाळंतिणीच्या उशाखालीं कोयता कां ठेवीत, तर "भूत येऊं नये म्हणून" एवढें सांगून त्यास गप्प बसवूं नये. आपल्या घराण्यांत किती बाळें सहाव्या दिवशीं गेलीं, कोणती आत्या वा काकी बाळंतपणांत गेली, तिचें नांव काय होतें, हें आठवत असेल तेवढें सांगावें. आणि मग तीं बाळें कशानें जात व आतां कां जात नाहींत, हेंही सांगावें. मूल त्या रात्रीं कदाचित् थोडें उशिरां झोंपेल. पण मोकळ्या केसांची ती बाई पुन्हां पडद्यावर आली, म्हणजे तिच्याकडे तें निराळ्या दृष्टीनें पाहील.