उन्हाची वजाबाकी

वारज्यातल्या एप्रिलच्या उन्हात फायबर ऑप्टिक व्होल्टेज सेन्सर ठेवलाय, असं समजा. व्होल्टेजमुळे स्फटिकातला प्रकाश बदलतो. पॉकेल्सने १८९३मध्ये हे अभ्यासलं. पण उष्णतेनेही तो बदलतो. मग वाढलं काय, व्होल्टेज की ऊन? चुकलं तर वीजमोजणीच चुकते.

कोडं जुनंच आहे. जमीन मोजताना लॅम्बटन पोलादी साखळीशेजारी थर्मामीटर ठेवायचा आणि फरक वजा करायचा. १८४१मध्ये बिदरला अँड्र्यू वॉने लोखंड-पितळेच्या जोडपट्ट्या वापरल्या. दोन्ही धातू कमी-जास्त फुगतात, पण टोकांवरच्या खुणांमधलं १० फूट अंतर हलत नाही.

सेन्सरलाही हेच दोन रस्ते: तापमान मोजून सॉफ्टवेअरमध्ये वजा करा, नाहीतर एका स्फटिकाची चूक दुसऱ्याकडून खोडून घ्या.

ऊन थांबत नाही हो, हिशोबात धरावं लागतं. भेटू पुढच्या भागात!