बारा चटया आणि दोन संध्याकाळी

आजचा प्रश्न नोएडातला आहे, पण उत्तरासाठी आपल्याला कोल्हापूर आणि टोकियो फिरून यावं लागेल. सेक्टर ६२ मध्ये नोकरी करणारा, संध्याकाळी सातला सुटणारा माणूस ब्राझिलियन जिउजित्सूच्या क्लासला आठवड्यातून दोनदाच जाऊ शकतो. एवढ्यात ही विद्या येते का?

आपल्या तालमींचं जुनं उत्तर ‘नाही’ असंच आहे. कोल्हापूरच्या मोतीबागेत किंवा गंगावेशीच्या तालमीत पोरगा राहायलाच जातो. पहाटे जोर-बैठका, मग हौद्यातल्या लढती, दुपारी खुराक आणि झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. हा अख्खा दिवस फुकट येत नाही. शाहू महाराजांच्या काळात त्याचा खर्च दरबार उचलायचा, नंतर तो बापाच्या शेतावर आणि घरच्या म्हशीवर पडला. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवायला त्यांच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. पैलवानाचा वेळ म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी पैसा, हे आपण फार लवकर विसरतो.

टोकियोत मात्र गोष्ट वेगळी घडली. १८८२ साली जिगोरो कानोंनी कोदोकान सुरू केलं तेव्हा ते २१ वर्षांचे होते. एइशोजी मंदिरात बारा चटयांची जागा आणि पहिल्या वर्षी नऊ शिष्य, एवढंच भांडवल. स्वतः कानो गाकुशुइन या शाळेत शिकवायचे. नोकरदार माणूस, बरं का! जुन्या जुजुत्सूतले कित्येक डाव पूर्ण जोरानं केले तर समोरच्याचा हात मोडायचा, म्हणून ते ठरवून, लुटुपुटीनंच करावे लागत. कानोंनी असे जिवावरचे डाव ठरीव सरावापुरते बाजूला ठेवले. उरलेले खऱ्या प्रतिकारासमोर, पूर्ण ताकदीनं घोटायचे. या मोकळ्या झुंजीला म्हणतात रांदोरी. तासभर खरं झुंजायचं आणि दुसऱ्या दिवशी धडपणे कामावर जायचं, हे त्यामुळे जमू लागलं. माझ्या मते कानोंचं सगळ्यात मोठं काम हेच.

त्यांच्या शाळेतले मित्सुयो मायेदा १९१४ साली ब्राझीलला पोचले आणि बेलेम शहरात राहिले. तिथे कार्लोस ग्रेसी हा पोरगा त्यांच्याकडे काही वर्षंच शिकला. १९२५ मध्ये ग्रेसी कुटुंबानं रिओत आपली शाळा काढली. धाकटा भाऊ एलिओ अंगानं किरकोळ, त्यामुळे उचलून फेकण्यापेक्षा जमिनीवरच्या खेळाकडे भर वळला. आपल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल लागला. इथे पाठ टेकल्यावर, पाय समोरच्याच्या कमरेभोवती आवळून, खेळ सुरू होतो. मातीतला पैलवान पहिल्या दिवशी इथेच गोंधळतो.

पण तो गोंधळ लवकर निवळतो, हेही खरं. खाशाबा १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मॅट त्यांना नवी होती. तिथे अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांच्याकडून जमेल तेवढं उचललं आणि फ्लायवेटमध्ये सहावे आले. चार वर्षांनी बॅंटमवेटचं कांस्य. त्या गटाचं सुवर्ण जिंकणारे जपानचे शोहाची इशिई मुळात ज्युदोचे. युद्धानंतर अमेरिकन अमलात ज्युदोवर बंदी आली म्हणून ते कुस्तीकडे वळले होते. दोघांनीही नवा खेळ थोडक्या काळात आपलासा केला, कारण खाली जुनी मेहनत मुरलेली होती.

सेक्टर ६२ च्या आपल्या माणसाकडे ना तो पाया, ना दरबार. नियमित जाणाऱ्यालाही काळ्या पट्ट्याला साधारण दहा वर्षं लागतात. याला त्याहून जास्त लागतील, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दीड तासातला अर्धा तास जोर-बैठकांत घालवणं त्याला परवडत नाही. त्या घरी करता येतात. खाली सापडल्यावर सुटायची एक वाट, पाठीवरून खेळायची एक पद्धत, आणि उरलेला वेळ झुंज. व्हिडिओ बघून रोज नवा डाव शिकायचा मोह आवरावा (हे मी व्हिडिओतच सांगतोय, कळतंय मला).

आणि थाप. सांधा अडकला की हातानं दोनदा थोपटायचं, समोरचा सोडतो. पस्तिशीतला नवशिका इथेच अडून बसतो. गुडघ्याचं लिगामेंट तुटून शस्त्रक्रिया झाली, तर मॅटवर परतायला साधारण नऊ महिने जातात. आठवड्याला दोन, म्हणजे सत्तरहून जास्त क्लास.